सोळा पाकिटं आणि मधला मी

...नाही, पण मी म्हणतो, मला मधे घालायची गरजच काय होती? ती इथं उभी, तो तिथं उभा, मधे रताळ्यांची एक पेटी, हात लांब केला तर एकमेकांचा कान धरता येईल एवढं अंतर, आणि तरी पेथेली मला म्हणतो, "मेव्हण्या, तुझ्या बायकोला सांग, पाकीट आणून दे," आणि माझी बायको विलिमाईना मला म्हणते, "कालिओवा, त्याला सांग, मिळणार नाही," आणि मी आपला दोघांच्या मधे टेलिफोनच्या तारेसारखा ताणलेला. तार तरी बरी हो, तिला दोन्हीकडून शिव्या बसत नाहीत. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

रीत तर तुम्हाला ठाऊकच आहे. पेथेली हिचा चुलतभाऊ, आणि आपल्यात बहीण-भाऊ मोठे झाले की समोरासमोर बोलणं बंद. तिकडे फिजीत, गावात, ते निभतं, तो वरच्या अंगाला राहतो, ही खाली समुद्राकडे, भेटले तरी मान खाली घालून निघून जायचं. पण इथं? ऑस्ट्रेलियात, बंडाबर्गला रताळ्यांच्या शेतावर आम्ही सोळा जण एका गावचे, राहायला एक जुनं मोटेल, कपडे धुवायची खोली एक, जेवायचं टेबल एक, आणि पेथेली आमचा मुकादम! दिवसभर तिला काम सांगायचं ते माझ्यामार्फत. "मेव्हण्या, तिला सांग, मोठी रताळी वेगळी." "कालिओवा, त्याला सांग, मला डोळे आहेत." आणि मेव्हण्या-मेव्हण्यात थट्टेला मोकळीक, म्हणून तिला जे बोलता येत नाही तेही तो मलाच बोलणार. रताळ्यांच्या शेतात उभं राहून माणूस मला रताळ्या म्हणतो, आणि मी हसायचं.

तर आली निवडणूक. परदेशात असलेल्यांनी पोस्टाने मत द्यायचं म्हणून आम्ही सगळ्यांनी अर्ज केलेले, आणि एके दिवशी सुवाहून सोळा पाकिटं आली. प्रत्येकाच्या नावाचं एक. आत मतपत्रिका, त्यावर नावं नाहीत, नुसत्या नंबरांची शाळा भरलेली, आपल्या माणसाच्या नंबरावर गोल करायचा की झालं. आणि त्याच संध्याकाळी गावच्या मुखियाचा पेथेलीला फोन. आमच्या गावाच्या सरदारांचा, रातूंचा, पुतण्या उभा होता ना! मुखिया काय बोलला ते पेथेलीने आम्हाला यांगोनाच्या मुळ्यांचं ते सुस्त करणारं पाणी पिताना हुबेहूब करून दाखवलं, नाकातून, खोकत खोकत: "पेथेली... गावचा मुलगा आहे... सोळाच्या सोळा मतं... एक इकडचं तिकडं झालं तर मी रातूंना काय तोंड दाखवू..." मग पुतण्याचा नंबर सांगितला. नंबर मी तुम्हाला सांगणार नाही, गुप्त मतदान आहे.

पेथेलीचा बेत साधा. रविवारी प्रार्थना झाली की सगळ्यांनी चटईवर गोल करून बसायचं, आपापलं पाकीट उघडायचं, गोल करायचा, त्याला दाखवायचा, मग तो स्वतः सगळी पाकिटं चिकटवून एका खोक्यात घालून पोस्टात टाकणार. कोणाला त्रास नको. मला म्हणाला, "मेव्हण्या, तुमची दोन धरू ना?" आणि चौथी वाटी पोटात गेलेली, समोर मुकादम, पुढच्या हंगामाला कोणाला परत बोलवायचं ती यादी लिहिणारा माणूस... मी म्हटलं, "धर." दोन. माझं आणि तिचं. आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. आपल्यात काय कधी एकट्याने केलंय आपण? मासा पकडला तर गावाने खाल्ला, शर्ट घेतला तर चुलतभावाने घातला. मत तेवढं एकट्याने द्यायचं? गावी मतदानाला जायचो तेव्हा निघताना काका कानात नंबर सांगायचा, मी जाऊन गोल करून यायचो. दुकानातून साखर आणावी तसं.

सकाळी पट्ट्यावर रताळी निवडताना मी तिला हळूच सांगितलं की तुझंही मी कबूल करून आलोय. तिने हातातलं रताळं खाली ठेवलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "माझं?"

आता तिला तुम्ही ओळखत नाही म्हणून सांगतो. गावच्या शाळेत मतदान असतं, तिथं चार निवडणुका ही बोटाला शाई लावायला बसलेली बाई आहे. एकदा खुद्द रातू मत द्यायला आले, गोल केला, आणि सगळ्यांना दिसावा म्हणून कागद असा उंच धरून पेटीकडे निघाले. रातूंना कोण बोलणार? तर ही उठली, गुडघ्यावर बसली, मान खाली, रीत सगळी पाळली, आणि म्हणाली, "रातू, कृपा करून घडी घाला." आणि रातूंनी घातली हो! मी रांगेत होतो, माझी छाती अशी फुगली की पुढच्या माणसाच्या पाठीला लागली. या बाईचं मत मी चार वाट्यांवर वाटून आलो होतो.

मग ते झालं, सुरुवातीला सांगितलं ते, पेटीच्या अल्याड-पल्याड. शेतावरचे सगळे हातातलं काम सोडून ऐकतायत. पेथेली पेटीकडे बघून बोलतोय, जसं काही रताळ्यांशीच वाद आहे.

"मेव्हण्या, तिला सांग, सगळ्यांनी हो म्हटलंय."

"कालिओवा, त्याला सांग, सगळ्यांना कोणी विचारलंच नाही."

"तिला सांग, पुढच्या हंगामाची यादी मी लिहितो."

हे तो बोलला मात्र, माझ्या डोळ्यांसमोर आमची मुलगी उभी राहिली, तिकडे लौतोकाला नर्सिंग शिकतेय, अजून दोन वर्षं बाकी. मी बायकोकडे बघितलं. मनात म्हटलं, बाई, घे माघार, एक गोल तर आहे. तिने हात पुसले. म्हणाली, "त्याला सांग, यादी त्याने जरूर लिहावी. त्यासाठी त्याला कागद दिलाय. हा कागद मला दिलाय."

आता हे मी जसंच्या तसं कसं सांगणार? मी म्हटलं, "पेथेली, ती म्हणतेय, विचार करून सांगते."

"मी असं म्हटलं नाही," ही म्हणाली.

"ऐकलं मी," पेथेली पेटीला म्हणाला.

म्हणजे ऐकू येतं दोघांना! मग माझा घसा कशाला कोरडा करायचा? आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

दोन दिवस मोटेलमध्ये कोणी कोणाशी धड बोलेना. आणि शुक्रवारी खणायचं यंत्र बंद पडलं, दुपारीच सुट्टी झाली. मी म्हटलं, झोपू. तर ही रताळ्यांचे रिकामे खोके घेऊन कपडे धुवायच्या खोलीत. मी मागे मागे. एक खोका कापला, तीन बाजू उभ्या केल्या, टेबलावर ठेवला, झाला आडोसा. बाहेरच्या बाजूला हे एवढं रताळ्याचं चित्र. पेनाला सुतळी बांधली. खिडकीला टॉवेल लावला. मग दारात खुर्ची टाकून बसली, अगदी शाळेत बसायची तशी, पाठ ताठ.

सगळे जमले. पेथेलीही आला, पण लांब व्हरांड्याच्या खांबापाशी. ती कोणाकडे न बघता बोलत होती, मोठ्याने नाही, पण लग्नात शपथ घेताना मी ऐकलेला तो आवाज. म्हणाली, "पाकिटं दोन आहेत. बाहेरच्यावर तुमचं नाव आणि सही. ते सांगतं की तुम्ही मत दिलंत. आतल्यावर काही नाही, म्हणून काय दिलंत ते कोणाला कळत नाही. सुवाला बाहेरचं काढून बाजूला ठेवतात आणि आतलं पेटीत टाकतात, एकदा मिसळलं की देवालाच ठाऊक. आत एका वेळी एक जण. चिकटवून बाहेर या. ज्याला मुखियाने सांगितलेला नंबर द्यायचाय त्यानेही आत जाऊनच द्यावा."

कोणी हलेना. सगळ्यांची नजर खांबाकडे. मग उनाईसी उठली. आमच्यातली सगळ्यात वयस्कर, गुडघे गेलेले, यादीत यंदाच कसंबसं नाव आलेलं. उठली, पाकीट छातीशी धरून आत गेली, दार लावलं. बाहेर आली तेव्हा हसत होती, काहीतरी खाऊन आल्यासारखी. मग बायका एकामागून एक, शेवटी ही स्वतः, तेवढ्यापुरती उनाईसीला दारात बसवून. मग पुरुष उभे राहिले रांगेत, आणि रांगेत कोणी ढकलाढकली करत नव्हतं. आमच्यात! जेवायच्या टेबलावर भांडणारी माणसं!

माझी पाळी आली. मी जवळ गेलो तर ही माझ्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघते. "नाव?" म्हणाली. चोवीस वर्षांचा संसार. मी म्हटलं, "अगं..." म्हणाली, "नाव." सांगितलं. आत गेलो.

आत कोणीतरी कपडे धुवायला लावलेले, यंत्र घुंघुं करत होतं, टेबल थरथरत होतं, त्याबरोबर कागद, त्याबरोबर मी. आडोशात डोकं घातलं. आणि तुम्हाला सांगतो, एवढा माणूस झालो, पण अशी जागा मला ठाऊक नव्हती, जिथं काका नाही, मुखिया नाही, पेथेली नाही, ही पण नाही. सगळे नंबर माझ्याकडे बघतायत. मला आमचा दवाखाना आठवला, नर्स नसलेला. नावेतून आईला न्यायला लागलं होतं तो दिवस आठवला. त्या दिवशी कोण आलं होतं आणि कोण नव्हतं, तेही आठवलं. मग मी यंत्र थांबायची वाट बघितली, हात स्थिर केला, आणि गोल काढला. पूर्ण गोल, टोकाला टोक जुळलेलं. तसा गोल मी शाळेतही काढला नव्हता.

बाहेर आलो, पंधरा झाले. राहिला पेथेली. आता काय करतो? बहीण दारात बसलेली, तिच्या अंगावरून आत जायचं म्हणजे केवढी अडचण! तिने काय केलं, खुर्ची बाजूला सरकवली, उठून पाठ फिरवली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्याला नाव नाही विचारलं. पेथेली पायाकडे बघत आला, माझ्या बाजूने गेला आणि दार लावलं.

अकरा मिनिटं. मी घड्याळ बघत होतो. एक गोल काढायला अकरा मिनिटं! ज्याला नंबर पाठ, ज्याने आम्हाला पाठ करायला लावला, त्याला अकरा मिनिटं कशाला लागतात? सगळे दाराकडे बघत होते. मी मात्र मनातल्या मनात नाचत होतो.

आला बाहेर. पाकीट पक्कं चिकटवलेलं, दोन दोनदा दाबलेलं. माझ्याजवळ थांबला. म्हणाला, "मेव्हण्या, तिला सांग... पोस्ट पाचला बंद होतं. मी गाडी काढतो."

भिंतीकडून आवाज आला, "त्याला सांग, बरं होईल."

आणि मला दोघांनाही काही सांगावं लागलं नाही, मी आपला नुसता उभा.

दोन फेऱ्यांत सगळे पोस्टात. खोका नाही, पिशवी नाही, ज्याचं पाकीट त्याच्या मांडीवर. खिडकीतल्या बाईने सगळी एकदम द्या म्हटलं, तर विलिमाईना म्हणाली, "नाही, एकेक." सोळा वेळा शिक्का पडला, आणि प्रत्येक जण आपल्या पाकिटावर शिक्का पडेपर्यंत तिथंच. पेथेलीपण. ती बाई गमतीने विचारते, "मग, कोणाला दिलं?" सोळाच्या सोळा जण छताकडे बघायला लागले.

पुढे निकाल लागला. पुतण्या पडला, सपशेल. मुखियाचा फोन आला, पेथेलीने सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. "पेथेली... दिलं होतं ना सगळ्यांनी?" पेथेली म्हणाला, "दिलं होतं." आम्ही सगळे म्हणालो, "दिलं होतं." खोटं काय त्यात? दिलं तर होतंच. मुखिया नाक ओढत म्हणाला: "गावच्या पोरांनो... तुमची सोळा होती म्हणून अब्रू राहिली..." आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

आणि यादी? लिहिली पेथेलीने. सोळा नावं, उनाईसीसकट. गाळणार तरी कोणाला? कोणी काय केलं ते त्याला माहीत नाही, आणि त्याने काय केलं ते आम्हाला माहीत नाही. सगळे सारखेच साव. शेताचा मालक म्हणतो, या मुकादमासारखी माणसं कोणी सांभाळत नाही. मी म्हणतो, ते माझ्या बायकोला विचारा, पण माझ्यामार्फत विचारा, मला आता सवय झालीय.

राहता राहिला माझा गोल. मी तिला सांगायला गेलो, घरातली बाई आहे, एवढा हिमतीने काढलाय, तिने एकदा शाबास म्हणावं. तर तोंडावर हात ठेवला माझ्या. म्हणाली, "तुझं आहे ते, तुझ्याकडेच ठेव." उनाईसीपाशी विषय काढला, तिने रताळी धुवायला घेतली. पेथेलीला म्हटलं, मेव्हण्या, ओळख पाहू, तर तो चक्क लाजला. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे माझं एकट्याचं असं काहीतरी आहे, आणि सगळे इतके सभ्य झालेत, इतके सभ्य झालेत... की एक माणूस विचारत नाही हो.