तांब्याच्या लोट्यातलं पाणी

आई गेल्याला महिना झाला होता. तिच्या विहिरीचं पाणी तपासायला बाटली घेऊन मी बालाघाटच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेपुढे रांगेत उभी होते. माझ्यापुढे रामपायलीच्या दोघी जावा होत्या, थोरली अनुसया आणि धाकटी पौर्णिमा. टेबलामागची मुलगी पट्टीवर पाण्याचा थेंब टाकून तिला वीज जोडत होती.

“पौर्णिमाच्या पान्यात उजेड पडला अन् माह्या पान्यात विझला. काहून वो पोरी?”

“काकू, पट्टीवर अगदी बारीक कणांचा लेप आहे. वीज दिली की तो उजळतो. पाण्यात जरासं जरी तांबं असलं, तरी मंदावतो.”

“दोन विहिरींत वीस पावलं नाहीत. अन् तांबं माह्याच विहिरीत?”

“बाई, मी टाकून आली का?”

“तू कायले टाकशील? सासूबाईले आधीच तुह्या विहिरीचं पानी गोड लागते. आता कागदावर लिहून भेटन तुले.”

“काकू, पाणी कशात आणलं?”

“रातीच लोट्यात भरून ठेवलं. पूजेचा तांब्याचा लोटा, चिंचेनं घासलेला. मी काय इच्यासारखी प्लास्टिकच्या बाटलीत आननार?”

“मग तांबं लोट्यातलंच उतरलं असेल. ही बाटली घ्या, विहिरीवरून सरळ भरून आणा.”

“चला बाई, उद्या दोघी येऊ.”

“हौ, येऊ. पन तुह्या विहिरीचं पानी रातभर माह्या लोट्यात ठेवून आनू. तुह्याही पान्यात उजेड विझलेला मले एकदा पाह्यचा हाये.”