मावळतीचा वारा सुटला आहे

आदरणीय अध्यक्ष महाराज, बाईंचे थोरले बंधू, नगरहून आणि पुण्याहून आलेली डॉक्टर मंडळी, आणि खडीच्या कामावरून थेट इथं आलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

माझं नाव मुरलीधर. दुष्काळी कामावर बाईंच्या हाताखाली मी फडकी बांधायचं आणि त्यांवर नावं घालायचं काम केलं. मी फार शिकलेलो नाही. लहानपणी दम्यामुळे शाळा बुडत गेली आणि सातवीत सुटली. सभेत बोलण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून लिहून आणलं आहे.

डॉक्टर शकुंतला मोहोळकर, आपल्या सगळ्यांच्या बाई, मंगळवारी सकाळी भिंगारच्या राहत्या घरी हृदयविकारानं गेल्या. माझ्या आधी बोलले त्यांनी बाईंना देवी म्हटलं, माउली म्हटलं. ते प्रेमानं म्हटलं. पण बाईंचा एक नियम होता. "आधी दिसलं ते सांग, मुरलीधर. वाटलं ते नंतर." तो नियम मी आज पाळणार आहे. मला वाटलं ते सांगायला गेलो तर मला बोलता येणार नाही.

बाई सुरुवातीला शहरातल्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात होत्या. दम लागलेली मुलं यायची, औषधानं बरी व्हायची, घरी जायची. काही दिवसांनी तीच मुलं परत यायची. बाई मला म्हणाल्या होत्या, "ही मुलं बरी होऊन जातात कुठे, ते बघावं असं वाटलं." म्हणून त्या मुलांच्या मागोमाग घरी जाऊ लागल्या. आधी चुलीच्या धुराशी बसल्या. मग साखर कारखान्याशेजारी, उसाच्या भुश्शाचे ढीग लागतात तिथे, तोडणीवाल्यांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, राहिल्या. यंदा ऊस नाही, तोडणी नाही. तोडणीची माणसं जामखेडच्या या रस्त्यावर खडी फोडायला आली, म्हणून बाईही इथे आल्या. लहान मुलांचा दमा आणि छातीचे विकार, हेच त्यांचं आयुष्यभराचं संशोधन. त्यासाठी त्या मुलांच्या मागोमाग जात राहिल्या, एवढं मला माहीत आहे.

पहिल्या दिवशी काय झालं, ते तुम्हाला आठवतं ना? चंद्राआजींच्या नातवाला बाईंनी मांडीवर घेतलं, घड्याळ हातात धरलं आणि म्हणाल्या, "आता एक मिनिट कोणी बोलायचं नाही." सगळ्या बाया गप्प झाल्या. आजींनी विचारलं, "मिनिट म्हंजी केवढं गं बाई?" बाई म्हणाल्या, "बाळाचे श्वास मोजून होतात तेवढं." आणि त्या पूर्ण वेळ त्याच्या छातीकडे बघत राहिल्या. पुढे प्रत्येक मुलाला त्यांनी तेवढाच वेळ दिला. कधी घाई केली नाही.

बाईंचं चुकायचंही. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, दगडावर पाणी शिंपडा, धूळ बसेल. इथे प्यायचं पाणी टँकरनं येतं. पारूबाई तिथल्या तिथे म्हणाली, "आदी आमची पोरं पिऊ द्या, मग दगडाला पाजा." बाई उठून पारूबाईजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे." त्यानंतर पाण्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

मग फडकी आली. पांढऱ्या कापडाच्या पट्ट्यांना तेल चोपडून त्या आम्ही काठ्यांवर चारी बाजूंना बांधल्या. ज्या बाजूला धूळ जास्त, तिथलं फडकं जास्त काळं होणार. बायांना वाटलं, बाईंनी नवस केला आहे. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर बाळं निजवायच्या प्रत्येक झोळीशेजारी एक चिंधी. कोणी लुगड्याचा काठ बांधलेला, कोणी पटक्याचा तुकडा, वर हळदकुंकू. मी चिडलो. सगळ्या सोडायला निघालो. बाई म्हणाल्या, "राहू दे. प्रत्येक मुलाशेजारी फडकं लावायला मी एवढी कुठून आणली असती? आजी, यांना तेल तेवढं लावाल का?"

आजी म्हणाल्या, "खायाला तेल न्हाई, आन् चिंधीला लावू व्हय?"

बाईंनी एरंडेलाची बाटली काढली. म्हणाल्या, "हे लावा. हे कोणी चोरून खाणार नाही." तेव्हा सगळे हसले होते. दगडूअण्णा मुकादमही हसले होते. अण्णा, तुम्ही समोरच बसला आहात, खोटं असेल तर सांगा.

तेव्हा झोळ्या मावळतीला, कडुलिंबांच्या सावलीत होत्या. वारा उगवतीचा, म्हणजे खडीची धूळ झोळ्यांवरच यायची. तिथल्या चिंध्या काळ्या पडल्या. उगवतीला, उघड्या माळावरच्या पांढऱ्या राहिल्या. बाई म्हणाल्या, झोळ्या तिकडे न्या. अण्णा म्हणाले, "बाई, झोळ्या लांब गेल्या की बाया पाजायला लांब जानार. खडी कमी भरंल. मला वर जाब द्यावा लागतो." बाईंनी वाद घातला नाही. दोन्हीकडच्या चिंध्या आजींच्या हातात दिल्या. आजींनी बघितल्या आणि म्हणाल्या, "पांढरी ऱ्हाती तितं देवाची नदर हाय."

बाई म्हणाल्या, "आजी, तो वारा आहे."

"मग वारा कुनाचा हाय?"

संध्याकाळपर्यंत बायांनी स्वतःच झोळ्या उगवतीच्या माळावर हलवल्या. दुसऱ्या दिवशी अण्णांनी तिथे गेल्या सालच्या उसाच्या पाचटाचा मांडव घालून दिला. तेही इथे सांगितलं पाहिजे.

पुढे काय दिसलं? काही मुलांची धाप कमी झाली. काहींची झाली नाही. माझ्या वहिनीची कमल दीड वर्षाची आहे. तिच्या छातीतली शिट्टी आईच्या हाताला लागायची, ती कमी लागू लागली. वहिनी म्हणाली, कमल बरी झाली. बाई म्हणाल्या, "बरी झाली असं अजून म्हणू नका. शिमग्यानंतर वारा फिरतो. तेव्हा मी येते, परत बघू."

शिमगा झाला. बाई आल्या नाहीत.

मंडळी, आता मी जे सांगणार आहे ते शोकसभेत सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला.

वारा फिरला आहे. मावळतीचा वारा सुटला आहे. परवा आणि काल मी दोन्हीकडे फडकी लावली. मांडवाजवळची काळी झाली. लिंबांखालची पांढरी राहिली. फडकी मी आणली आहेत, या टेबलावर आहेत. कोणीही येऊन बघावीत. काल कमलची शिट्टी परत हाताला लागली.

मी काल झोळ्या हलवायला सांगितल्या. कोणी हलवल्या नाहीत. कामाच्या भीतीनं नाही. मांडवात जिथे बाई बसायच्या तिथे चंद्राआजींनी एक दगड मांडला आहे. त्याला हळदकुंकू आहे, वर हार आहे. मला सांगितलं, "ही बाईची जागा हाय. बाईनं दावली. ती सोडायची न्हाई." आणि माझी वहिनी म्हणाली, "भावजी, परत लिंबाखालीच जायाचं, तर मग बाईचं चुकलं व्हतं का?"

वहिनी, काल मला नीट बोलता आलं नाही. आज लिहून आणलं आहे.

बाईंचं चुकलं नव्हतं. तेव्हा वारा उगवतीचा होता, आता मावळतीचा आहे. बाईंनी तुम्हाला माळ दाखवला नाही, आजी. बाईंनी फडकं कसं बघायचं ते दाखवलं. बाई आज असत्या, तर त्यांनी पहिली झोळी स्वतः उचलली असती. तो दगड राहू द्या, तो हार राहू द्या. मी तिथे रोज पाणी घालीन. पण मुलं तिथे नकोत. दगडूअण्णा, लिंबांखाली सावली आहे, नवा मांडव लागणार नाही. आणि बायांना पाजायला जायचं अंतरही कमी होईल.

आधी दिसलं ते सांगितलं. वाटलं ते नंतर सांगायचं होतं. ते राहू दे.

अध्यक्ष महाराज, आता सगळ्यांनी उभं राहायचं आहे. एक विनंती आहे. माझी वहिनी कमलला घेऊन दाराजवळ बसली आहे. वहिनी, तू कमलला घेऊन इथे पुढे ये. तिचं झबलं वर कर. आपण माना खाली घालायच्या नाहीत. बाई बघायच्या तसं तिच्या छातीकडे बघायचं. पुण्याच्या डॉक्टरसाहेबांनी घड्याळ धरावं. चंद्राआजी, मिनिट केवढं ते तुम्हाला माहीत आहे.

ते झालं की मी झोळ्या उचलायला कामावर जाणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी बरोबर यावं.

आता एक मिनिट कोणी बोलायचं नाही.