इग्याला संपवायचं

(वॉलॉंगॉंग, ऑस्ट्रेलिया, १९८२. बुधवारची दुपार. बंदराच्या धक्क्यावरचा बाक. कार्मेल घरातल्याच सपाता घालून बस स्टॉपपासून धावत आली आहे. नवरा धडधाकट दिसताच आधी तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आहे.)

कार्मेल : ऊठ तिथून! पाण्यापासून लांब हो आधी!

इग्नेशियस : अगं, सँडविच खातोय मी. मारतेस काय?

कार्मेल : हा कागद काय आहे? तुझ्या उशीखाली मिळाला. ‘बुधवारी इग्याला संपवायचं. धक्क्यावर. बायकोला पत्ता लागू द्यायचा नाही.’ इग्या तुला फक्त तुझी आई म्हणते!

इग्नेशियस : अरे देवा.

कार्मेल : नोकरी गेली म्हणून जीव देतोस? माझी हॉस्पिटलची शिफ्ट आहे ना? उपाशी मरणार होतो का आपण?

इग्नेशियस : कार्मेल, ऐक. इग्या गुंड आहे.

कार्मेल : काय?

इग्नेशियस : माझ्या कादंबरीतला. डॉकवरचा दादा. आज त्याला मारून शेवटचं प्रकरण उरकणार होतो. ही बघ वही.

कार्मेल : म्हणजे तू... तू मरत नव्हतास?

इग्नेशियस : नाही गं. लिहीत होतो.

कार्मेल : देवा, तुझे उपकार. सरक, बसू दे. आण ती वही. शी! पहिल्याच पानावर तीन मुडदे? आणि रविवारी मिस्साला बायबल वाचतोस!

इग्नेशियस : बायबलात काय कमी पडतात?

कार्मेल : तोंड सांभाळ. मला सांगता येत नव्हतं?

इग्नेशियस : लाज वाटली. या वयात माणसाने नोकरी शोधावी, गुंडांच्या गोष्टी काय लिहायच्या?

कार्मेल : पण एवढं काय गोड लागतं रे त्यात? सुरे, रक्त, शिव्या...

इग्नेशियस : आठ वर्षं पोलादाच्या भट्टीपुढे भाजून घेतलं. काढलं ते छापील चिठ्ठीने. खाली सही, तीही शिक्क्याची. सुपरवायझर म्हणाला, ‘सॉरी, मेट.’ त्याच्याही हातात तीच चिठ्ठी. मी चिडू कुणावर? गोष्टीत बरं असतं. ज्याला तुझा काटा काढायचाय, तो समोर येतो. डोळ्यांत बघून गोळी घालतो.

कार्मेल : हे मला का नाही बोललास?

इग्नेशियस : तू शिफ्टवरून दमून येतेस.

कार्मेल : दमते. बहिरी नाही होत.

इग्नेशियस : चुकलं माझं. घे, अर्धं सँडविच घे.

कार्मेल : दे. आणि ऐक, त्या इग्याला मारू नकोस.

इग्नेशियस : अगं, शेवट बिघडेल.

कार्मेल : बिघडू दे.