जागच्या न हलणाऱ्या पेशी

सोनोग्राफीच्या रांगेत माझ्यापुढे सासू, सून आणि दोघींच्या मधोमध मुलगा बसला होता.

"वार नीट रुजली नाही म्हणे. तुला किती सांगितलं, धावपळ करू नकोस!"

"धावपळीचं नाही हो, आई. वारेच्या, म्हणजे प्लॅसेंटाच्या, पेशींनी गर्भाशयात खोलवर सरकायचं असतं. पण प्रोटीनचा हुकूम मिळाल्याशिवाय त्या जागच्या हलत नाहीत, आणि ते प्रोटीनच कमी पडलंय. म्हणून बाळाला रक्त पुरत नाही आणि माझं बीपी चढतंय."

"आमच्याकडे असलं कधी झालं नाही. तुझ्या माहेरचं असेल."

"वार बाळाची असते, डॉक्टर म्हणाले. म्हणजे निम्मी तुमच्या मुलाकडून."

"माझ्या मुलात कसलीच खोट नाही. काय रे?"

"आई, मी जरा पाणी पिऊन येऊ का गं?"

"आत्ता नको. बस."

"बरं."