एक दिस जास्त

माझं माहेर तिकडं कर्जतच्या बाजूला, अन् दिलं हिकडं घोडेगावच्या अलीकडच्या वाडीला. वय काय म्हनाल तर ते कुनी मांडून ठेवलंय मास्तर, शानी झाले तवा सासरीच हुते एवढं ठावं हाय. दोर वळनं हा आमचा पिढीजात धंदा. केकताडाची पानं झोडायची, त्याचा वाक, म्हंजी धागा, काढून वाळवायचा, अन् मग त्याचं कासरं, दावी वळायची अन् घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात न्यायची. मालक हुते तवर ते न् मी वळायचो. आता दोर काय एकट्याचं काम न्हाई. एका टोकाला बसून फिरकी फिरवायला एक मानूस लागतं, अन् दुसऱ्यानं वाक सोडत सोडत मागं सरायचं, तवा कुठं पीळ बसतो. मालक गेले तवा मला वाटलं धंदाबी गेला. पर हौसा बसली फिरकीवर.

हौसा म्हंजी माझी लेक, एकुलती. भोळी हुती. अंगानं बाई झाली पर अक्कल राह्यली बारक्या पोरीची, लगीन न्हाई काय न्हाई, बोलायची बी दोन-चार शब्दच. पर फिरकीला बसली की मी थांब म्हनेपतुर तिचा हात थांबायचा न्हाई. मी मागं सरत सरत पार लिंबापशी गेले की तिचं तोंड बारीक व्हायचं, अन् दोर पुरा झाला की फिरकी टाकून पळत यायची अन् मला कवळा घालायची, जनू मी गावालाच निघाले हुते.

अन् त्या वक्ताला मी एकटी नव्हते बरं का. काय सांगू तुमाला, सकाळच्या पारी माझ्या वट्यावर बायांचा बाजार भरायचा. साऱ्या आळीची मिसरी मी भाजायची. तंबाखू खापरावर काळी कुळकुळीत केली न् चुरली की बाया दातावर बोट फिरवीत बसायच्या, कुनाची सासू कशी अन् कुनाचा दाल्ला कसा, साऱ्या गावाची धुनी तिथंच. शेजारची भागू तर पयल्या चिमटीची मानकरीन. तिच्याशिवाय माझा दिस उगवत नव्हता अन् माझ्याशिवाय तिचा.

तवा लढाई चालली हुती, राकेलबी कंट्रोलवर मिळायचं. त्या वक्ताला माझ्या तोंडात फोड आला, खोकला तर उभा राहू देईना. हौसाला हाताला धरून मिशनच्या दवाखान्यात गेले. डाक्तरीनबाईनं बॅटरी मारून तोंडात बघितलं अन् म्हनली, मिसरी सोड, न्हाईतर लई दिस काढायची न्हाईस. मी म्हनलं, बाई, जायचं त्ये जायचंच. तर हौसाकडं बघून म्हनली, अन् मग हिला कोन जेवू घालनार. रागानं न्हाई म्हनली, पोट दुखतंय का इचारावं तसं इचारलं तिनं. मी हौसाचा हात धरला न् निघाले.

येताना वाटंवर मरीआईचं ठानं लागतं. तिथं पदर पसरला, म्हनलं आई, लई न्हाई मागत. हौसापरीस मला एक दिस जास्त दे. तिचं समदं माझ्या हातानं हुऊ दे, अन् मग दुसऱ्या दिशी मला ने. आईनं लेकरासाठी असलं मागू नये, पर मी मागितलं. तिला या वाडीत मागं टाकून मरायचं मला भ्या वाटत हुतं.

मग सोडलीच मिसरी. डोकं ठनकायचं, हात आपसूक खापराकडं जायचा, तवा तोंडात बडीशेप टाकायची न् केकताड झोडीत बसायची. बाईनं सांगितलं तसं पानीबी उकळून प्यायला लागले. आमाला गावच्या हिरीवर कोन चढू देतंय, आमचं पानी वढ्यातल्या झिऱ्याचं. सरपन लई लागायचं, तरी उकळायची, दोघींचंबी. तांदुळजा, पाथरी, मिळंल ती पालाभाजी, अन् दिवस मावळायच्या आत जेवन. खोकला गेला, फोडबी बसला. अंगानं बरी झाले.

पर वट्यावर कुनी येईना. भागू म्हनली, अगं मिसरी टाकली, पानी उकळती, सारखी मिशनच्या बाईकडं जाती, आता आइतवारी मिशनच्या देवळात बी जाशील, म्हंजी बाटायचीच राह्यली तू. आमच्यातली काही घरं गेल्तीच तिकडं, तसं ह्यांना वाटलं मीबी निघाले. मी म्हनलं, अगं भागू, मी जगायला करते हे. तर म्हनली, आमी काय मरायला बसलोय व्हय. तिला वाईट वाटलं हुतं ते मला दिसत हुतं, पर मला तोंडानं नीट सांगता आलं न्हाई. बाया तिच्या वट्यावर बसायला लागल्या. भिंतीपलीकडं त्या हसायच्या अन् हौसा इकडं उगंच संगट हसायची.

मग एके सालच्या दिवाळीम्होरं आळीत हिवताप आला. बाकीची उठली, हौसा उठली न्हाई. समदं माझ्या हातानं केलं, न्हाऊ घातलं, लुगडं नेसवलं, जसं मागितलं हुतं तसं. माती दिऊन आलो अन् मी हातरून टाकून निजले. मला वाटलं आता उद्या मी. उद्या उठले तर चांगली धडधाकट, भूकबी लागलेली. मला माझीच लाज वाटली.

भागू आली हुती तवा. पानावर मिसरी आनली, म्हनली घे, आता कुनासाठी जपतीस. बोटभर घेतली, तर डोकं असं गरगरलं की थुकून टाकली. ती हसली, मीबी हसले, अन् मग आमी दोघी लई रडलो. पर बाया आता तिच्याच वट्याच्या झाल्यात अन् मला मिसरी तोंडात चालत न्हाई. पानी अजून उकळते, अन् हाताला सवय, दोघींचं उकळते.

परवा डाक्तरीनबाई वाटंत भेटली, म्हनली म्हातारे, दात बघ तुझे, छाती बघ, तू लई जगशील. ती हसून म्हनली. मी एकच दिस मागितला हुता, मास्तर. देनारीनं मोजलंच न्हाई.

आता दोराचं दुसरं टोक लिंबाला बांधते, पर झाड काय पीळ देत न्हाई, दोर ढिला पडतो, बाजारात गिऱ्हाईक हातात घिऊन परत ठिवतं. तुमी आलात, ऐकत बसलात, बरं वाटलं. शंभर वर्सं जगा म्हनायला माझी जीभ वळत न्हाई, तुमी आपल्या मानसांच्या संगट जगा, बास. अन् जायची घाई नसंल तर जरा तिथं बसा, तेवढी फिरकी धरा. एक कासरा अर्धा राह्यलाय. मी मागं सरते, तुमी फिरवीत राव्हा, मी थांब म्हनेपतुर थांबू नका.