पहिल्या व्हॉल्व्हच्या आधी

(दुरुस्तीचं दुकान. टेबलावर गिटारचा जुना ॲम्प, मागची फळी निघालेली, आत काचेचे व्हॉल्व्ह.)

धाकटा : हे काय आहे तेवढं सांग, ताई. बाकीचं नंतर.

ताई : फळी कुणी काढली?

धाकटा : मी. माझा ॲम्प आहे.

ताई : बांधलाय मी. आत हात घालायचा नाही म्हणून बजावलं होतं. चारशे व्होल्ट असतात, बंद केल्यावरसुद्धा.

धाकटा : मेलो असतो तर परवडलं असतं. काल स्टेजवर शोभा झाली माझी. ऐन गाण्यात आवाज चिरका झाला, मग फाटला, मग गायबच. भरल्या हॉलसमोर मी नुसता तारा खाजवत उभा. घरी येऊन उघडून बघतो तर ही हिरवी पट्टी, शेजारी सेल चिकटवलेला. आणि हा तीन पायांचा काळा कोण?

ताई : ट्रान्झिस्टर.

धाकटा : माझ्या ॲम्पमध्ये.

ताई : हो. पहिल्या व्हॉल्व्हच्या आधी.

धाकटा : मी जगाला सांगत फिरतो, आमच्या ताईनं हातानं बांधलाय, निखळ व्हॉल्व्ह, ट्रान्झिस्टरचा वाससुद्धा नाही. आणि तू गुपचूप हे घालून मोकळी. दुधात पाणी घालतात तसं.

ताई : पाण्यानं दूध पातळ होतं. तुझा आवाज दाट झाला होता. तूच फोन केलास ना, “ताई, व्हॉल्व्ह आता मुरलेत” म्हणून?

धाकटा : थट्टा नकोय मला.

ताई : मलाही नकोय. दर महिन्याला ॲम्प आणायचा म्हटलं होतं. या खेपेला का नाही आलास?

धाकटा : व्हॉल्व्ह पुसायला? कंटाळा आला मला.

ताई : दर महिन्याला व्हॉल्व्ह कोण पुसतं रे? इतकी वर्षं वाजवतोस, एवढं कळू नये? सेल बदलत होते मी. बंद करायचं बटण दिलं नाही, कारण बाहेरून दिसलं असतं. म्हणून सेल रात्रंदिवस खर्च होतो आणि महिन्यात बसतो. माझी चूक तिथं झाली. तू वेळेवर येशील असं धरून चालले. तुला जन्मापासून ओळखत असून.

धाकटा : कधीपासून चाललंय हे?

ताई : झालं दीडेक वर्ष.

धाकटा : आणि एकदाही तोंड उघडलं नाहीस?

ताई : तू उघडलंस?

धाकटा : मी काय उघडायचं?

ताई : उजवा हात पुढे कर.

धाकटा : विषय बदलू नकोस.

ताई : हाच विषय आहे.

धाकटा : काही झालेलं नाही माझ्या हाताला.

ताई : खोटं बोललास तर हा पाना डोक्यात घालीन. इथं वाजवून बघतोस तेव्हा मीटर लावलेला असतो. तीच गिटार, तेच गाणं, आणि काटा दर खेपेला जरा अलीकडे. मला वाटलं मीटरच बिघडला. नवा मीटर घेतला रे मी, गधड्या. मग तुझ्याकडे बघितलं. कप डाव्या हातानं उचलायला लागला होतास.

धाकटा : डॉक्टर म्हणाले, बोटांतला अशक्तपणा हळूहळू वाढत जाईल.

ताई : म्हणजे डॉक्टरला सांगितलंस. आई गेल्यावर तुला कुणी वाढवलं, डॉक्टरनं?

धाकटा : तुला कळलं असतं तर वाजवणं बंद करायला लावलं असतंस.

ताई : बंद करायचं असतं तर हे टाके मारत बसले असते? तारा जोरानं छेडल्या नाहीत तर व्हॉल्व्ह तोंड उघडत नाही. म्हणून हा त्याच्या आधी बसवला. तुझी बोटं जेवढं कमी देतील तेवढं यानं भरून काढायचं. सेल बदलताना हा बारका स्क्रू जरासा पुढे फिरवायचे.

धाकटा : म्हणजे टाळ्या याला पडत होत्या.

ताई : मूर्खासारखं बोलू नकोस. हा सूर निवडतो? हा फक्त मोठं करतो. बेसूर वाजवलंस तर तेही मोठं करेल.

धाकटा : मला तुझा भयंकर राग आलाय, ताई.

ताई : येऊ दे. मी दीड वर्ष गिळून बसलेय.

धाकटा : शनिवारी पुन्हा तोच हॉल आहे. हॉलवाले विचारत होते, दुसरा माणूस बघू का.

ताई : तू काय सांगितलंस?

धाकटा : ॲम्प बिघडला होता म्हटलं.

ताई : खरं तेच सांगितलंस. आता बटण बसवते, समोर, सगळ्यांना दिसेल असं.

धाकटा : हा स्क्रू अजून किती फिरतो?

ताई : अर्धा फेरा राहिलाय.

धाकटा : आणि मग?

ताई : त्या खणात नवा सेल आहे, तो दे. डाव्या हातानं दे, नाहीतर पाडशील.