सुताराचा रिपोर्ट

दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्या शिंपीणबाईंच्या शेजारी एक सुतार आणि त्याची लेक येऊन बसले. लेकीच्या हातात नुकताच फोडलेला लिफाफा होता. बाईंनी डोळे मिटून घेतले, पण कान मिटता येतात थोडेच!

"बाबा, आजीला आणि मोठ्या काकांना ज्याच्यामुळे अल्झायमर झाला, ते बिघडलेलं जनुक तुमच्यात नाही."

"नीट वाच."

"तीनदा वाचलं."

"मग परवा पटाशी कुठे ठेवली ते आठवेना, ते काय?"

"तो वेंधळेपणा. आई म्हणते, लग्नातसुद्धा तुम्ही चपला शोधत होतात."

"दादा पन्नाशीतच मला विचारायला लागला, आपण कोण? तेव्हापासून मी रोज सकाळी तुमची सगळ्यांची नावं म्हणून बघतो."

"माहितीये. बाथरूमच्या दारातून ऐकू येतं."

"आणि तुझी तपासणी कधी?"

"माझी कशाला? तुमच्यातच नाही, तर माझ्यात कुठून येणार?"

"म्हणजे तुलाही नाही?"

"नाही."

"अगं, मग हे आधी सांगायचं ना! मी आपला माझंच ऐकत बसलोय!"

"बाबा, रडू नका. लोक बघतायत."

"बघू देत. आता या आजारापायी धरलेली ती प्रयोगशाळेतली नोकरी सोडणार का?"

"का म्हणून? ते जनुक मेंदूच्या पेशीत नेमकं काय बिघडवतं, ते अजून कुठे पुरतं कळलंय?"

"बरं, चल. आधी दादाकडे जाऊ."

"त्यांना काही कळणार नाही, बाबा."

"न कळेना का. मला सांगायचंय."